वाक्य राजाचं, घाई माझी

माझ्या धंद्यात नाव कमावणं म्हणजे कुणाच्याही लक्षात न येणं. सिनेमा संपल्यावर डोळे पुसत उठलेल्या माणसाला विचारा, "खालची अक्षरं कशी होती?" तो म्हणाला, "कुठली अक्षरं?" की मी जिंकलो. उलट तो आपणहून म्हणाला, "खाली मराठी काय लिहिलं होतं हो!" तर समजावं, माझी कुठेतरी माती झालेली आहे.

मी सबटायटल्स लिहितो. सरकारी मराठीत त्यांना उपशीर्षकं म्हणतात. चिंचवडच्या आमच्या सासूबाई 'खालच्या पट्ट्या' म्हणतात, आणि मला तोच शब्द पटतो. दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिही म्हटल्यावर मी सासूबाईंनाच विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, "लिहा काहीही, पण लवकर लिहू नका. घाई हा तुमचा दोष आहे." या बाईंना माझा धंदा माझ्यापेक्षा जास्त कळतो, हे पुढे येईलच.

पट्टीचे नियम सोपे आहेत. एका वेळी पडद्यावर दोन ओळी, त्याहून जास्त नाहीत. एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं. पट्टी निदान सेकंदभर राहिली पाहिजे, आणि सहा-सात सेकंदांत गेली पाहिजे. माणूस बोलतो भराभर आणि वाचतो हळू. मधला फरक मला खावा लागतो. एखादी नटी नवऱ्याला अठरा शब्दांत झोडपते. मी ते सात शब्दांत बसवतो, आणि मार तेवढाच बसला पाहिजे.

हॉलंडमध्ये या कामाला मान आहे. इथे टीव्हीवर परदेशी कार्यक्रमांना आवाज बदलून लावत नाहीत, खाली पट्टी देतात, त्यामुळे शेंबड्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे पट्ट्या वाचत मोठे झालेले. मी काय करतो हे शेजाऱ्याला एका वाक्यात समजलं. पुण्यातल्या काही नातेवाइकांना मी अजून टायपिस्ट वाटतो. त्यांचंही फार चुकतं असं नाही. बायकोची, सुजाताची, नोकरी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासला, त्या काचेच्या बुरुजांत. तिच्या व्हिसाला चिकटून मी आलो. कागदावर मी 'अवलंबित' होतो, आणि आमच्या घरात ते अजून कुणी विसरलेलं नाही.

माझी गाजलेली चूक सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. बर्फाळ देशातली एक डिटेक्टिव्ह मालिका होती. शेवटच्या भागात म्हातारा डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, खिडकीपाशी जातो, पाइप ठोकतो आणि म्हणतो, "खून केला तो..." इथे तो थांबतो. बाहेरचा बर्फ दाखवतात. एका बाईच्या हातातला पेला थरथरतो. मग तो नाव घेतो. मी अख्खं वाक्य एकाच पट्टीत टाकलं होतं. सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, तो बिचारा पाइप ठोकतोय, आणि तुम्ही खाली नाव सांगून मोकळे! आठ भाग मी कशाला जागले?"

याला मी 'पट्टी फुटणं' म्हणतो. मी शपथ घेतली, यापुढे खुन्याचं नाव फोडणार नाही. फक्त खुनीच जपायचा असतो अशी माझी तेव्हा समजूत होती.

मग करोना आला आणि झूटरमेर गावातल्या आमच्या रांगेतल्या घरात तीन ऑफिसं उघडली. जेवणाच्या टेबलावर सुजाताची बँक. मधल्या मजल्यावर आमची पंधरा वर्षांची मुलगी इरा आणि तिची शाळा. माळ्यावर, ज्याला इथे झोल्डर म्हणतात, मी आणि वॉशिंग मशीन. मशीन पाणी पिळायला लागलं की एखाद्या युद्धपटाला आपोआप पार्श्वसंगीत मिळायचं.

त्या काळात एक वेळ अशी आली की सरकारने घरात दिवसाला एकच पाहुणा ठरवून दिला. आमच्या घरचा तो कोटा मिलिंदने कायमचा अडवला. मिलिंद नागपूरचा, तिशीतला, दोन घरं पलीकडे भाड्याच्या खोलीत राहणारा, करोनाच्या आधीपासून आमच्याकडे येणारा. इथल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होता. विषय होता, दुष्काळात धरणबांधाच्या मातीला पडणाऱ्या भेगा. विदर्भातल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात लहान पोराचा पाय जाईल एवढ्या भेगा पाहत तो वाढला होता, आणि समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्या या देशाला बांधाची भेग म्हटलं की घाम फुटतो. त्यामुळे दोघांचं जमलं.

मिलिंद अडखळतो. 'तोतरा' हा शब्द मी वापरत नाही. तो स्वतः वापरतो, आणि तो हक्क त्याचा आहे. शब्द त्याच्या गळ्यापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर उभा राहतो. डोळे मिटतात, हनुवटी किंचित वर जाते, आणि समोरचा माणूस आपल्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागतो.

आता इथली पीएच.डी. नुसती हातात मिळत नाही, ती जाहीरपणे लढवावी लागते. झगे घातलेले प्राध्यापक एकामागून एक प्रश्न टाकतात, आणि उमेदवाराने सगळ्यांसमोर तोंडाने उत्तरं द्यायची. मिलिंदची पाळी काही महिन्यांवर आली होती. समारंभ अर्धा सभागृहात, अर्धा पडद्यावर होणार होता. त्याचे प्रोफेसर मनाने फार चांगले. त्यांनीच सुचवलं, "तू उत्तरं टाइप कर, कुणीतरी वाचून दाखवेल. परवानगी मी काढतो."

"मग?" सुजाताने विचारलं.

"हो म्हणावं असं वाटतंय, ताई," मिलिंद म्हणाला. "काम होऊन जाईल."

तो हे खाली बघून म्हणाला. नागपूरला त्याचे वडील भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पोराला कधी एका शब्दाने टोकलं नव्हतं. फक्त त्या दिवशी घरच्या टीव्हीवर हे सगळं बघायला अर्धी गल्ली बोलावून ठेवली होती. पोरगा बोलणार म्हणून.

नेमका तेव्हाच माझ्याकडे राजा आला.

एका डच कंपनीने विसाव्या शतकातल्या राजाराण्यांवर मालिका काढली होती आणि ती मराठीसकट बऱ्याच भाषांत जायची होती. माझ्या वाट्याला इंग्लंडचा सहावा जॉर्ज. आपल्याकडच्या जुन्या नाण्यांवर असतो तो, गंभीर चेहऱ्याचा. आपला शेवटचा सम्राट, पण सम्राट म्हणून त्याने हिंदुस्थानात एकदाही पाऊल टाकलं नाही.

"आजोबांच्या मालकाचं चरित्र," मिलिंद म्हणाला. "तुम्हाला दुसरं काही मिळालं नाही का, दादा?"

मला गोष्ट लागते, मग ती कुणाचीही असो. जेवताना मी ती रोज थोडी थोडी सांगू लागलो. इराने पहिल्याच दिवशी इंग्रजीत विचारलं, "बाबा, ही लांब आवृत्ती आहे की छोटी?" आमच्या घरात छोटी आवृत्ती कधी निघालेली नाही.

तर हा घरातला दुसरा मुलगा. थोरला भाऊ देखणा, बोलका, लोकांचा लाडका. राज्य त्याचं हे ठरलेलं. धाकट्याचे गुडघे आत वळलेले, म्हणून पायांना पट्ट्या बांधून ठेवत. डावखुरा, म्हणून उजव्या हाताने लिहायला लावला. बाप तोफखान्याच्या आवाजात बोलणारा. सात-आठ वर्षांचा असताना हा पोरगा अडखळायला लागला, आणि पुढे तोंड उघडायलाच घाबरू लागला.

"दुसरा मुलगा ना," सुजाता म्हणाली. "त्याला कोण विचारतंय." ती स्वतः दुसरी.

तो आरमारात गेला, एका मोठ्या सागरी लढाईत तोफेपाशी उभा राहिला. विम्बल्डनला दुहेरीत खेळला आणि पहिल्याच फेरीत हरला, हे मला त्याच्या चरित्रातलं सगळ्यात माणसासारखं वाटतं. आपल्यावर राज्य कधी येणार नाही, एवढा एक दिलासा त्याला होता. मग भावाने एका घटस्फोटित बाईशी लग्न करायचं म्हणून गादी सोडली. बाईचा दुसरा घटस्फोट व्हायचा होता, चर्च ऐकेना, मंत्री ऐकेनात, आणि हा पठ्ठ्या राज्य टाकून चालता झाला. ती बातमी घेऊन धाकटा आईकडे गेला आणि लहान मुलासारखा रडला. चाळिशीतला माणूस, दोन मुलींचा बाप.

"रोमँटिक!" इरा म्हणाली. तिला थोरला आवडला होता.

"त्याचा रोमान्स आणि ऑन-कॉल ड्यूटी भावाला," सुजाता म्हणाली. तिच्या बँकेत त्याच आठवड्यात एकाने राजीनामा दिला होता.

आणि राजा होऊन करायचं काय, तर भाषणं. तेही रेडिओच्या जमान्यात. जुन्या राजांना घोड्यावर नीट बसता आलं तरी पुरे होतं. याचं बोलणं अर्ध्या जगाच्या घराघरात जाणार. एका ऑस्ट्रेलियन माणसाकडे तो आधीपासूनच वर्षानुवर्षं शिकायला जात होता. वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं कागदावर खुणा करून. तीन वर्षांत महायुद्ध लागलं आणि त्याला मायक्रोफोनसमोर बसून ते देशाला सांगावं लागलं. तो बोलला. युद्धभर बोलत राहिला. लंडनवर बॉम्ब पडले, त्याच्या राजवाड्यावरही पडले, तरी तो शहर सोडून गेला नाही.

यात एक दुवा इथलाही आहे. जर्मन फौजा या देशात घुसल्या, तेव्हा डच राणीने भल्या पहाटे त्यालाच फोन करून उठवलं, विमानं पाठवा म्हणून. त्याच दिवशी ती स्वतः लंडनला पोचली, आणि स्टेशनवर घ्यायला हा हजर. पुढे ती तिथूनच रेडिओवरून आपल्या लोकांशी बोलत राहिली. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या घरी रेडिओ कोळशाच्या कोठीत लपवलेला होता.

राजा छप्पन्नाव्या वर्षी झोपेतच गेला. सिगारेटी फार ओढायचा.

मिलिंद सगळं ऐकायचा. मी भरलेला कॉफीचा कप संपवायचा आणि संचारबंदीच्या आधी घरी जायचा.

राजाच्या पट्ट्या मी झकास केल्या असं माझं मत होतं. त्याची जुनी भाषणं खरी, चित्रफितीतली होती. तो अडकतो, ओठ मिटतात, गळ्याची शीर फुगते. समोर स्टेडियमभर माणसं, टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांत. मी त्या जागी टिंबं टाकली नाहीत, अक्षरं दोनदा लिहून त्याची टर उडवली नाही. स्वच्छ, पूर्ण, राजाला शोभेल असं मराठी वाक्य खाली दिलं. मोठ्या मनाने. आणि एका रविवारी दुपारी मिलिंदला दाखवायला बसवलं, कारण मला शाबासकी हवी होती.

तो पाहत राहिला. मग त्याने टेबलावरची सुपरमार्केटची जाहिरातपत्रिका उचलली आणि पडद्याच्या खालच्या भागावर धरली. माझं सगळं मराठी फुलकोबीच्या चित्रामागे गेलं. वर नुसता राजा राहिला.

"काय झालं?" मी म्हणालो. "शब्द चुकला?"

त्याने पत्रिका खाली घेतली. "दादा, राजा अजून पहिल्या शब्दावर आहे. वाचणारा पूर्णविरामापर्यंत पोचलासुद्धा. आता तो राजाकडे बघत बसणार, हा कधी उरकतोय म्हणून."

"अरे, वाचायला सोपं जावं म्हणून..."

"माहितीये. सगळे मला सोपं जावं म्हणूनच करतात. तिकिटाच्या खिडकीवर, मीटिंगमध्ये, डॉक्टरकडे. मी अर्ध्यात असतो तोवर माझं वाक्य कुणीतरी पुरं करून ठेवलेलं असतं. बऱ्याचदा चुकीचं. मग मी म्हणतो, जाऊ दे, आणि तेच मान्य करतो." तो थांबला. "मला चहा हवा असतो आणि मी कॉफी पितो."

सुजाताने हातातली थाळी ओट्यावर ठेवली. "मिलिंद. आमच्याकडे तू पहिल्या दिवशी 'च' म्हणालास की 'क'?"

"च, ताई."

"आणि यांनी?"

"दादा म्हणाले, कॉफी ना? आत्ता आणतो."

दोन वर्षं. दोन वर्षं तो आमच्याकडे कॉफी पीत होता. सुजाताने मला जो लूक दिला त्याला कुठल्याही भाषेत पट्टी लागत नाही. ती उठली, आलं किसलं, आणि त्या दिवशी मिलिंदने तीन कप चहा प्यायला.

(त्याची वाक्यं मी इथे सलग छापतोय, ही आणखी एक गंमत. कागदावर थांबून राहायची सोय नाही. वाचकाने ती आपल्या मनाने करावी.)

मी माळ्यावर गेलो आणि राजाच्या पट्ट्या मोडल्या. राजा जेवढं बोलला तेवढंच खाली. तो थांबला की पट्टीही तिथेच थांबेल, अर्धी, उघड्या तोंडाची. पुढचा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला की मगच दिसेल. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत आधी. त्यामुळे शब्द असे लावायचे की राजा ज्यावर अडकला तोच मराठीतही अडकला पाहिजे. एकेक भाषण मी विणकामासारखं उसवलं. सॉफ्टवेअरने माझ्या पडद्याला गोवर आणला. जिकडेतिकडे लाल खुणा: पट्टी फार छोटी, पट्टी फार लांब थांबली, वाक्य अपूर्ण.

मग कंपनीच्या मार्लूसचा व्हिडिओ कॉल आला. मार्लूस म्हणजे माझ्या कामावर सही करणारी बाई, उंच, स्वच्छ, सरळ. डच माणूस तुमच्या तोंडावर जे बोलतो ते आपण माणूस गेल्यावर बोलतो.

"हे परत कर," ती म्हणाली. "वाचणाऱ्याला त्रास होईल."

"राजाला झाला त्याहून कमी," मी म्हणालो. माझ्या मते हे फार बाणेदार होतं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

"नियम वाचणाऱ्यासाठी आहेत. राजा वारला आहे."

"एक जिवंत माणूस आहे, त्याच्याशी बोलशील?" मी खाली हाक मारली. मिलिंद चहाचा कप घेऊन माळ्यावर आला, खुर्ची ओढली, कॅमेऱ्यासमोर बसला. मी त्याला काहीच पढवलेलं नव्हतं, आणि आता वाटलं की पढवायला हवं होतं.

तो इंग्रजीत म्हणाला, "प्रेक्षकाला..." आणि अडकला. डोळे मिटले. हनुवटी वर.

"कंटाळा येईल," मार्लूस म्हणाली. "बरोबर? तेच मी म्हणतेय."

मिलिंदने मान हलवली. नाही. डोळे मिटलेलेच. यापूर्वी कितीदा तरी मी त्याला अशा वेळी 'जाऊ दे' करून हसताना पाहिलं होतं. या वेळी तो हसला नाही. शेजारचं मशीन कपडे घुसळत होतं. मार्लूसने तोंड उघडलं आणि मिटलं.

"प्रेक्षकाला थांबता येतं," मिलिंद म्हणाला.

 मार्लूसचे कान लाल झाले. गोरी माणसं लाजली की लपवता येत नाही. "मी आत्ता तेच केलं, नाही का?" ती म्हणाली. आणि लगेच डच स्वभावाप्रमाणे कामावर आली. "फक्त राजाच्या भाषणांना. निवेदकाला नेहमीचे नियम. आणि लाल खुणांचा खुलासा तू लिहून देशील. चल, दू मार." म्हणजे, कर जा.

फोन बंद झाल्यावर मिलिंद खुर्चीतच बसून राहिला. त्याचा चेहरा पोरासारखा उजळला होता.

"दादा, त्या गप्प बसल्या."

"आणि तू बोललास."

"नाही, बोलतो मी रोजच. त्या गप्प बसल्या!"

पुढे भाग तयार झाल्यावर सासूबाईंना दाखवला. त्यांचा फोन आला तेव्हा मी जरा लांबच धरला होता. त्या म्हणाल्या, "तो राजा थांबला की मी श्वास धरून बसत होते हो. जावईबापू, आता जमतंय तुम्हाला." वीस-बावीस वर्षांच्या धंद्यात मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक.

पण त्याआधी, मार्लूसच्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, मिलिंदने प्रोफेसरांना कळवलं होतं: टाइप करणार नाही, बोलणार. आणि आमच्या दारात येऊन मला म्हणाला, "आईला इंग्रजी कळत नाही, बाबांना थोडं कळतं. त्या दिवशी खाली मराठी तुम्ही टाकाल? लाइव्ह?"

लाइव्ह पट्टी म्हणजे दोरीवरून चालणं. माणूस बोलतोय, तुम्ही ऐकताय, भाषांतर करताय, टाइप करून एंटर दाबताय. एंटर दाबलं की पट्टी गेली, परत येत नाही. मिलिंदने अख्खा प्रबंध मला आधी दिला होता, त्यामुळे तो काय म्हणणार हे मला बरंचसं ठाऊक. आणि घोडं तिथेच अडत होतं. शब्द टाइप करायच्या पेटीत तयार, बोट एंटरवर, आणि दाबायचं नाही. सराव करताना मी दर दुसऱ्या वाक्याला त्याच्या पुढे पळत होतो. शेवटी इरा फूटपट्टी घेऊन बाजूला बसली. मी घाई केली की बोटांवर फटका आणि "वाख्तन, बाबा!" म्हणजे डचमध्ये 'थांब'. मुलीला एवढ्या आनंदाने अभ्यास घेताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

तो दिवस आला. सभागृहात मोजकीच माणसं, लांब लांब बसवलेली. झगा घातलेले अध्यक्ष, प्रोफेसर, आणि मधोमध मिलिंद, काळ्या सुटात. प्रश्न विचारणारे आपापल्या घरातून मोठ्या पडद्यावर. मी माळ्यावर, मशीन बंद करून. सुजाताने मीटिंग टाकून दिली होती, ती आणि इरा माझ्या मागे जिन्यावर. माझ्या दुसऱ्या पडद्यावर नागपूर: पुढे आईवडील, मागे गल्ली.

"जय भीम, सर," वडील मला म्हणाले. "आवाज येऊन राहिला ना जी?"

"येतोय. तुम्हाला खालची अक्षरं दिसतात?"

"दिसतात. मी हिला वाचून दाखवतो."

"मले येते वाचता," आई म्हणाली.

पहिला प्रश्न आला. मिलिंद अडकला. तिसऱ्या शब्दावर, मग नवव्या. माझी पट्टी अर्धी लटकून राहिली. नागपूरला कुणी हललं नाही. तो सुटला, मी सोडलं, तो पुढे गेला. दुसरा प्रश्न, तिसरा. एका जर्मन बाईने त्याला बांधाच्या चिकणमातीवरून कोंडीत धरलं, आणि तो अडखळत अडखळत तिला असा काही घेऊन गेला की ती शेवटी हसून "पटलं" म्हणाली. तेव्हा मागे जिन्यावर कुणीतरी माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं. ती सुजाता होती की इरा, मी बघितलं नाही.

या समारंभाचा शेवट इथे फार नाट्यमय असतो. ठरलेला वेळ संपला की पेडेल नावाचा अधिकारी, काळा झगा, हातात घुंगरं लावलेला उंच दंड, सभागृहात चालत येतो, दंड जमिनीवर आपटतो आणि लॅटिनमध्ये म्हणतो, "होरा एस्ट." वेळ झाली. उमेदवार मध्येच असला तरी तिथेच सुटतो. बहुतेक जण जीव वाचल्यासारखे लगेच गप्प होतात.

शेवटचा प्रश्न असा होता: पाऊस पडला की बांधाच्या भेगा बुजतात, मग एवढी काळजी कशाला? मिलिंद म्हणाला, "पावसानंतर भेग वरून मिटलेली दिसते. पण..." आणि तो अडकला. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. डोळे मिटले, हनुवटी वर. आणि दार उघडून पेडेल आत आला. दंड आपटला. घुंगरं वाजली. होरा एस्ट.

अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "डॉक्टर होऊ घातलेले महाशय, वेळ झाली. वाक्य पुरं करण्याची गरज नाही."

मिलिंदने डोळे उघडले नाहीत. फक्त एक हात वर केला, तळवा पेडेलकडे करून. थांबा.

पेडेल थांबला. सहा फुटांचा माणूस दंड हातात धरून उभा. अध्यक्षांनी हात मांडीवर ठेवले. पडद्यावरचे सगळे प्राध्यापक आपापल्या घरात स्तब्ध. माझ्या पेटीत पुढचे शब्द तयार होते, तेच त्याच्या प्रबंधाचं शेवटचं वाक्य, आणि बोट एंटरच्या एवढं जवळ की घामाने कळ ओली झाली. इराकडे फूटपट्टी नव्हती. नागपूरला मागच्या गर्दीत कुणीतरी पुटपुटलं, "झालं वाटते जी याचं."

"नाही झालं," वडील मागे न बघता म्हणाले. "तो सांगन."

"आतून," मिलिंद म्हणाला, "ती उघडीच असते."

मी एंटर दाबलं. नागपूरला आईने ते शब्द मोठ्याने वाचले, एकेक करून, तिच्या सवडीने. मिलिंदने डोळे उघडले, हात खाली घेतला, आणि पेडेलकडे वळून इंग्रजीत तीन शब्द बोलला. एकावरही न अडकता. ते मी खाली टाकले, आणि ती पट्टी नियमापेक्षा कितीतरी जास्त वेळ पडद्यावर राहू दिली:

"आता माझं झालं."